भीतीचा खोटा इशारा

ठाणे शहराच्या ईशान्येस सुमारे १५ किलोमीटरांवर, कामवारी नदीच्या परिसरात भिवंडी हे शहर वसले आहे. यंत्रमागांचे शहर म्हणून त्याची ख्याती साऱ्या देशात पसरली आहे. येथे गल्लोगल्ली मागांची खटखट ऐकू येते. नवख्या पाहुण्यास त्या आवाजात झोप लागत नाही. उलट, जन्मापासून तो आवाज ऐकणाऱ्या मुलास माग थांबले म्हणजे काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

ह्या मागांवर एक लहानशी, परंतु मोठी चतुर योजना असते. उभ्या धाग्यांमधून धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा घालीत जातो. हा आडवा धागा मध्येच तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर कापड बिघडेल. म्हणून पुष्कळ मागांवर एक बारीक काटा बसविलेला असतो. धागा शाबूत असेल तोवर त्याच्या स्पर्शाने काटा बाजूस सरतो व माग चालू राहतो. धागा तुटला की काटा सरत नाही आणि माग आपोआप थांबतो. कारागीर येतो, धागा लावतो आणि माग पुन्हा सुरू करतो.

परंतु कधी कधी त्या काट्याचीच मांडणी किंचित बिघडते. मग धागा मुळीच तुटलेला नसताना माग थांबतो. अनुभवी कारागीर अशा वेळी गोंधळून जात नाही. तो धागा पाहतो, सारे ठीक असल्याची खात्री करून घेतो आणि माग चालू करतो. असे वारंवार होऊ लागले, तर तो जॉबरला बोलावून काटा नीट करून घेतो. माग मोडलेला नसतो, कापडही फाटलेले नसते. मिळालेला इशारा तेवढा खोटा असतो.

माणसाच्या शरीरातही धोक्याचा इशारा देणारी अशीच एक योजना आहे. तिचे नाव भीती. भीती म्हणजे केवळ दुबळेपणा, असा पुष्कळांचा समज असतो; परंतु तो खरा नव्हे. भीती नसती तर मनुष्यजात ह्या पृथ्वीवर टिकलीच नसती. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंड ह्या भागात एक तीन मजली इमारत कोसळली आणि अनेक रहिवाशांना प्राण गमवावे लागले. भिंत तडकल्याचा आवाज कानी पडतो, त्या क्षणी विचार करीत बसण्यास सवड नसते. तत्काळ बाहेर धावावे लागते. अशा वेळी पायांना बळ देणारी आणि झोपेतून खडबडून जागे करणारी शक्ती भीतीच होय. ती प्राणांची राखण करते.

भीती वाटली की शरीरात काय घडते, हे आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिले होते. मराठी भाषेतील वाक्प्रचारच त्याची साक्ष देतात. भ्यालेल्या माणसाच्या छातीत धडकी भरते, त्याच्या तोंडचे पाणी पळते, त्याला दरदरून घाम फुटतो, त्याच्या पोटात गोळा येतो, त्याचे हातपाय गळतात, त्याचा जीव घाबराघुबरा होतो. हे वाक्प्रचार म्हणजे केवळ भाषेचे अलंकार नव्हेत; शरीरात खरोखर होणाऱ्या बदलांची ती अचूक वर्णने आहेत.

ह्या बदलांचे कारण शास्त्रज्ञांनी पुढे शोधून काढले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. मांजराच्या जठरात अन्न कसे घुसळले जाते, हे ते क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहत असत. मांजर भ्याले किंवा चिडले की जठराची हालचाल एकाएकी थांबते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९११ साली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. भुंकणारा कुत्रा जवळ आणला असता मांजराच्या रक्तात ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य वाढते. हे द्रव्य मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून रक्तात उतरते. त्याच्या योगाने सारे शरीर एक तर लढण्यास, नाही तर पळण्यास सिद्ध होते.

मनुष्याच्या शरीरातही हेच घडते. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचा एकेक लहान भाग आहे. धोक्याची चाहूल ओळखण्याच्या कामी तो मोठा तत्पर असतो. त्याच्याकडून संदेश सुटला की हृदय वेगाने धडधडू लागते, कारण हातापायांच्या स्नायूंना अधिक रक्त हवे असते. श्वास जलद होतो, कारण अधिक प्राणवायू हवा असतो. घाम सुटतो, कारण धावपळीने तापणारे शरीर थंड राखावयाचे असते. अन्न पचविण्याचे काम तेवढ्यापुरते बाजूस ठेवले जाते. म्हणून तोंड कोरडे पडते व पोटात कसेसेच होते. धोका खरा असेल तर ही सारी तयारी उपयोगास येते आणि धोका टळला की शरीर हळूहळू पूर्ववत होते.

आता मागावरील त्या बिघडलेल्या काट्याचे स्मरण करावे. समोर वाघ नाही, आग नाही, भिंत कोसळत नाही. तरीही शरीर हा सारा इशारा एकाएकी आणि पूर्ण जोराने देऊ लागते. छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो, हात थरथरतात, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आजूबाजूचे सारे जग स्वप्नातल्यासारखे परके वाटू लागते. आता आपला प्राण जाणार, किंवा आपल्याला वेड लागणार, असे त्या माणसास वाटते. ह्या अवस्थेस डॉक्टर ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात. मराठीत तिला तीव्र भीतीचा झटका म्हणता येईल. ही लाट फार झपाट्याने चढते. बहुधा दहा मिनिटांच्या आत ती शिगेस पोहोचते आणि त्यानंतर ओसरू लागते. ती कितीही भयंकर वाटली तरी कायम टिकत नाही, कारण शरीराला इतकी तयारी फार काळ चालू ठेवता येत नाही.

हा विकार आजकालच्याच धकाधकीने निर्माण केला आहे, असे मात्र नाही. १८७१ साली अमेरिकेतील जेकब दा कोस्टा ह्या डॉक्टरांनी तेथील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. ह्या सैनिकांच्या छातीत धडधड होई, कळा येत, श्वास कोंडल्यासारखा वाटे. परंतु तपासून पाहता त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हृदयात कोणताही दोष सापडत नसे. तोफांच्या माऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या सैनिकांना भित्रे म्हणण्यास कोण धजेल? तेव्हा अशा झटक्याचा शौर्याशी किंवा भित्रेपणाशी काही संबंध नाही, हे उघड आहे. पुढे १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी वारंवार येणाऱ्या अशा झटक्यांची आपल्या ग्रंथात स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली.

असे झटके किती जणांना येतात? २५ देशांतील लोकांची पाहणी करून काढलेले निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून असे दिसले की दर १०० माणसांपैकी सुमारे १३ जणांना आयुष्यात एकदा तरी असा झटका येऊन गेलेला असतो. त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत त्याचे विकारात रूपांतर होत नाही. म्हणजे गावातील कोणत्याही गर्दीत हा अनुभव घेतलेली माणसे थोडी नसतात. मात्र लाजेमुळे ती त्याविषयी बोलत नाहीत. त्यामुळे ज्याला झटका येतो, त्याला असे वाटते की जगात आपणच एकटे असे आहोत.

ही लाट इतकी उंच का चढते, ह्याचा उलगडा ऑक्सफर्ड येथील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केला. काही कारणाने छाती थोडीशी धडधडू लागते. जिना भरभर चढल्याने, जागरणाने, उकाड्याने किंवा परीक्षेच्या काळजीनेही तसे होऊ शकते. एरवी त्याकडे कोणी लक्षही देत नाही. परंतु एखाद्याच्या मनात विचार येतो, ‘माझे हृदय बंद तर पडणार नाही ना?’ ह्या विचाराने भीती वाढते. भीतीने धडधड वाढते. वाढलेली धडधड पाहून तो विचार अधिकच खरा वाटू लागतो. असे हे चक्र फिरू लागते. शरीराला विचार घाबरवितो आणि विचाराला शरीर घाबरविते.

ह्या चक्राला श्वासही वेग देतो. भीतीने माणूस भराभर श्वास घेऊ लागतो. त्याला वाटते, हवा कमी पडत आहे. वस्तुतः तो गरजेपेक्षा अधिक हवा घेत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण घटते. हा वायू बाहेर टाकावयाचा असला, तरी त्याचे ठराविक प्रमाण रक्तात राहणे आवश्यक असते. ते घटले की डोके हलके होते व बोटांना मुंग्या येतात. ह्या मुंग्या आणि ही भोवळ पाहून माणूस अधिक घाबरतो आणि अधिकच भराभर श्वास घेऊ लागतो. मुंग्या का येतात हे ज्याला ठाऊक असते, त्याची निम्मी भीती तेथेच कमी होते.

झटका थोड्या वेळात निघून जातो. परंतु तो पुन्हा येईल ही धास्ती मागे उरते. खरी हानी होते ती ह्या धास्तीमुळे. समजा, भिवंडीतील एक मुलगी आईबरोबर एसटीने ठाण्यास निघाली आहे. गाडीत दाटी आहे, उकाडा आहे. एकाएकी तिला असा झटका येतो. ती घाईघाईने मध्येच उतरते आणि उतरताच तिला बरे वाटते. तिचे मन म्हणते, ‘गाडीतून उतरले म्हणून वाचले.’ दुसऱ्या खेपेस ती गाडीत चढण्यास नकार देते. पुढे बाजारातील गर्दी नकोशी होते, मग शाळेतील प्रार्थनेची रांग, मग वर्गाची बंद खोली. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, तशी तिची गत होते. होता होता शाळा सुटते, मैत्रिणी दुरावतात आणि एका हुशार मुलीचे जग चार भिंतींएवढे उरते. गाडीने तिचे काही बिघडविलेले नसते. बिघडविलेले असते ते गाडी टाळण्याने.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ अशी एक म्हण आहे. भिणाऱ्या माणसास हिणविण्यासाठी ती वापरली जाते, हे योग्य नव्हे. तथापि तिच्यात एक सूक्ष्म निरीक्षण आहे. जो पळतो, त्याच्याच पाठीस राक्षस लागतो. पळणे थांबवून मागे वळून पाहिले, तर पाठीमागे बहुधा कोणीच नसते. म्हणून ह्या विकारावर उपचार करणारे तज्ज्ञ रुग्णास टाळलेल्या गोष्टींकडे पुन्हा वळण्यास शिकवितात. परंतु बळजबरीने नव्हे, पायरीपायरीने. त्या मुलीने आधी आईबरोबर थांब्यावर नुसते उभे राहावे. मग अंजूरफाट्यापर्यंत जावे. ते साधले की काल्हेर, मग कशेळी आणि शेवटी ठाणे. प्रत्येक पायरीवर भीतीची लाट येईल, ती चढेल आणि आपोआप उतरेल. लाट उतरेपर्यंत जागा न सोडणे, एवढाच धडा गिरवावयाचा असतो. असे अनेकदा घडले की मेंदूतील तो तत्पर पहारेकरी शिकतो की गाडी म्हणजे संकट नव्हे.

प्रत्यक्ष झटका आला असता काय करावे? प्रथम त्याला नावाने ओळखावे. ‘हा भीतीचा झटका आहे, हा त्रासदायक आहे, पण घातक नाही, थोड्या वेळात हा ओसरेल,’ असे मनाशी म्हणावे. नंतर श्वासाकडे लक्ष द्यावे. हृदयास ‘हळू चाल’ अशी आज्ञा देता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही संथ करता येतो. श्वासावर ताबा मिळविण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाभ्यासाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. झटक्याच्या वेळी कठीण प्राणायाम करावयाचे कारण नाही. मनात चार अंक मोजत नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत तो त्याहूनही सावकाश सोडावा, एवढे पुरे. जोराने, छाती फुगवून श्वास घेणे मात्र टाळावे.

त्याबरोबरच मन भोवतालच्या खऱ्या जगाकडे वळवावे. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तू मोजाव्यात, हाताला लागणाऱ्या चार वस्तूंना स्पर्श करावा, कानांवर येणारे तीन आवाज ओळखावेत. मागांची खटखट, रिक्षाचा भोंगा, दूरवरून येणारी फेरीवाल्याची हाक, असे कोणतेही आवाज चालतील. ह्यामुळे मन ‘पुढे काय होईल’ ह्या कल्पनेतून बाहेर पडून ‘आता काय आहे’ ह्या सत्यावर स्थिरावते. भीतीशी झुंज घेऊ नये. ‘गेलीच पाहिजे’ असा हट्टही धरू नये. समुद्रात उभा असलेला माणूस लाटेला ढकलीत बसत नाही. पाय रोवून ती आपल्यावरून जाऊ देतो.

वर्गातील एखाद्या सोबत्यास असा झटका आला, तर इतरांवरही एक जबाबदारी येते. त्याच्याभोवती गर्दी करू नये. ‘नाटक करतो’, ‘घाबरट आहे’ असे बोलू नये. कारण त्याला होणारा त्रास अगदी खरा असतो, धोका तेवढा खोटा असतो. एकाने त्याच्याजवळ शांतपणे बसावे आणि हळू आवाजात सांगावे, ‘मी इथेच आहे. हे थोड्या वेळात जाईल. माझ्याबरोबर हळूहळू श्वास सोड.’ दुसऱ्याने बाईंना किंवा सरांना बोलावून आणावे. घरातील वडीलधाऱ्या माणसांनी दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली असे म्हणून मांत्रिकाकडे धाव घेतल्यास केवळ वेळ वाया जातो आणि मूल अधिकच भेदरते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. इशारा खोटा आहे की खरा, हे ठरविण्याचे काम पहिल्या वेळी डॉक्टरांचे आहे. दमा, रक्तक्षय, कंठातील थायरॉइड ग्रंथीचे विकार आणि हृदयाचे काही दोष ह्यांतही धडधड होते किंवा धाप लागते. म्हणून असा त्रास प्रथम झाला, किंवा धावताना अथवा खेळताना छातीत दुखले वा शुद्ध हरपली, तर आईवडिलांना सांगून डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. शरीर निरोगी आहे असे ठरल्यावर आणि झटके तरीही वारंवार येत असल्यास मनोविकारतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. विचारांचे ते चक्र थांबविण्यास शिकविणारे उपचार पुष्कळांना गुणकारी ठरतात. कित्येकांना डॉक्टर औषधेही देतात.

ह्या बाबतीत भिवंडीकरांना फार दूर जावयास नको. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून चालू आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यातच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याविषयी लोकांशी मोकळेपणाने व मराठीतून बोलण्याचा परिपाठ घातला. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारने ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा चालू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही सल्ला मिळतो.

पाय मुरगळला असता कोणी तो लपवीत नाही. ताप आला असता कोणी लाजत नाही. मनाच्या दुखण्याविषयी मात्र माणसे मूग गिळून बसतात आणि एकटीच झुरतात. हा संकोच टाकला पाहिजे. ज्याने आपली भीती आईजवळ, आजोबांजवळ किंवा शिक्षकांजवळ बोलून दाखविली, त्याने तिच्यावर मात करण्याची पहिली पायरी ओलांडली. शूर मनुष्यालाही भीती वाटते. परंतु तो तिचे कारण पारखून पाहतो, इशारा खोटा असेल तर आपले काम सोडीत नाही, आणि एकट्याने निभत नसेल तेव्हा मदतीसाठी हात पुढे करण्यास लाजत नाही.